काळ्या-पांढऱ्या फोटोसाठी रंग जपा

मला हमखास विचारला जाणारा प्रश्न आज घेऊ: कॅमेऱ्यात मोनोक्रोम मोड असताना फोटो रंगीत कशाला काढायचा?

सेन्सरला मुळात रंग कळत नाही, तो फक्त उजेड मोजतो. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर असतो. निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या या रचनेला १९७६ साली पेटंट मिळालं. मोनोक्रोम जेपेगमध्ये ही रंगांची माहिती कायमची जाते. रॉ फाइलमध्ये ती शाबूत राहते.

तिचा उपयोग काय? समजा, आजीचा फोटो आहे. कपाळावर लाल कुंकू, अंगावर लाल काठाचं हिरवं लुगडं. रंग नुसता काढून टाकला, तर काठ आणि लुगडं एकाच करड्या छटेत मिसळू शकतात. रॉ फाइल असेल तर एडिटिंगमध्ये प्रत्येक रंगाची स्वतंत्र पट्टी मिळते. लाल पट्टी वर नेली की कुंकू फिकट होऊन चेहऱ्यात विरतं. खाली आणली की ठसठशीत उमटतं. चेहऱ्याचा उजेड बहुतेक वेळा नारिंगी पट्टीवर ठरतो. आजीचं कुंकू राहणार की जाणार, हे कॅमेऱ्यावर का सोडायचं?

मी रॉ आणि मोनोक्रोम दोन्ही एकत्र लावतो. स्क्रीनवर काळं-पांढरं दिसतं, त्यामुळे छाया-प्रकाशाकडे नीट लक्ष जातं. रंग मात्र रॉमध्ये सुरक्षित राहतात.

आज घरातल्याच एखाद्या चेहऱ्यावर करून बघा.