फ्लुओरीनच्या शोधाची पाऊणशे वर्षे

स्वीडनमध्ये औषधविक्रीचा पेशा करणाऱ्या शेले यांनी १७७४ मध्ये प्रथम सिद्ध केलेला हिरवट पिवळा, श्वास कोंडविणारा वायू हा कोणत्याही अम्लाचा प्राणवायुयुक्त अवतार नसून स्वतंत्र मूलद्रव्य आहे, असा निर्णय हंफ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला आणि क्लोरीन या नावाने त्याची रसायनशास्त्राच्या दप्तरी रीतसर नोंद झाली. पुढच्याच वर्षी, नेपोलियनच्या युद्धांसाठी सोरा पुरविणाऱ्या कूर्त्वा यांच्या कारखान्यात, समुद्रशैवालाच्या राखेच्या द्रावात गंधकाम्ल प्रमाणाबाहेर पडल्यामुळे जांभळ्या वाफा उठल्या आणि थंड पृष्ठभागावर त्यांचे काळसर, चकचकीत स्फटिक जमले, ते आयोडीन. १८२६ मध्ये माँपेल्ये येथील तरुण बालार यांनी मिठागरातील मीठ काढून घेतल्यावर मागे राहिलेल्या पाण्यात क्लोरीन सोडले, तेव्हा ते पाणी नारिंगी-तांबडे झाले आणि त्यातून ब्रोमीन हाती आले.

बालार यांच्या या कृतीतच क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांच्या हॅलोजन-कुलातील ज्येष्ठ-कनिष्ठ क्रम उघड होतो. पोटॅशियम आयोडाइडच्या नितळ द्रावणात क्लोरीनच्या पाण्याचे चार थेंब टाकावेत, म्हणजे ते पाहता पाहता तपकिरी होते, आणि त्यात स्टार्चचे द्रावण मिसळताच गर्द निळे दिसू लागते. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग दाखविताना त्यामागचे कारण मात्र क्वचितच पुरतेपणी सांगितले जाते, हे मला नेहमी खटकते. क्लोरीन हे ब्रोमीनला, आणि ब्रोमीन हे आयोडीनला, त्यांच्या लवणांतून बाहेर काढते. मग या श्रेणीत क्लोरीनच्याही वर बसणारे एखादे मूलद्रव्य असेल, तर त्याला त्याच्या लवणातून बाहेर काढण्याचे सामर्थ्य कोणात असणार? असे मूलद्रव्य असले पाहिजे, हे अँपियर यांनी डेव्हींना १८१२ च्या सुमारास पत्राने सुचविले होते. फ्लुओरस्पार या खनिजावर गंधकाम्लाची क्रिया केली असता निघणाऱ्या, काचेलाही खाऊन टाकणाऱ्या अम्लात ते दडलेले आहे, याविषयी पुढे फारसा कोणी संशय घेतला नाही. नाव मिळाले, जागा ठरली. द्रव्य मात्र पाऊणशे वर्षे कोणाच्या हाती लागले नाही.

या मुदतीत त्याच्या मागे लागलेल्यांची जी हानी झाली, तिची आठवण ठेवणे हे मी कर्तव्य समजतो. डेव्ही स्वतः त्या अम्लाच्या वाफांनी आजारी पडले. आयर्लंडमधील नॉक्स बंधूंनी फ्लुओरस्पारचीच भांडी कोरून प्रयोग केले, आणि दोघांनाही विषबाधा झाली. बेल्जियमचे लुए आणि नान्सीचे निक्लेस हे तर या प्रयत्नात प्राणास मुकले. पॅरिसमध्ये फ्रेमी यांनी वितळलेल्या फ्लुओराइडांतून विद्युत्प्रवाह नेला. वायू सुटत होता हे त्यांना दिसले, पण त्या तापमानात तो भांड्यास आणि ध्रुवांस तत्काळ खाऊन संयुगात विलीन होई. पाण्यासह अम्ल घेतले, तर फ्लुओरीनऐवजी पाण्यातला प्राणवायूच बाहेर पडे. पाणी पूर्णपणे काढून टाकले, तर त्या निर्जल अम्लातून विद्युत् वाहतच नसे. ज्याने पेच इतक्या स्पष्टपणे उकलून ठेवला, त्या पुरुषाचे नाव यशस्वी पुरुषाच्या नावामागे झाकले जावे, हे मला न्याय्य वाटत नाही.

फ्रेमींच्याच प्रयोगशाळेत शिकलेल्या आंरी म्वासाँ यांनी त्या निर्जल अम्लात पोटॅशियम फ्लुओराइडचे आम्ल लवण विरघळवून त्यास विद्युद्वाहक केले, प्लॅटिनम-इरिडियमची इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची नळी घेतली, तिला फ्लुओरस्पारची बुचे बसविली आणि वायूचा दाह आवरावा म्हणून सारे उपकरण शून्याखाली पुष्कळ थंड केले. २६ जून १८८६ रोजी धन ध्रुवाकडून निघालेल्या वायूपुढे स्फटिकरूप सिलिकॉन धरताच ते पेटून उठले. फ्रेंच विज्ञान अॅकॅडमीने नेमलेले पंच पाहावयास आले, त्या दिवशी मात्र उपकरण मुकाट राहिले. अम्ल अतिशुद्ध झाल्याने त्यात लवणाचा अंशही उरला नव्हता. थोडे लवण घालताच प्रयोग पुन्हा सिद्धीस गेला. पंचांत स्वतः फ्रेमी होते.

फ्लुओरीनच्या या दाहकतेचे खरे कारण कळावयास विसावे शतक उजाडावे लागले, आणि ते सहज सुचेल असे नाही. एकट्या अणूने इलेक्ट्रॉन स्वीकारताना मुक्त होणारी ऊर्जा फ्लुओरीनपेक्षा क्लोरीनचीच अधिक भरते: मोलमागे ३२८ किलोजूलच्या तुलनेत ३४९. परंतु फ्लुओरीनचे अणू इतके लहान की, एकत्र आले असता त्यांचे इलेक्ट्रॉन परस्परांस दूर लोटतात, आणि त्यांची जोडी तोडण्यास सुमारे १५८ किलोजूल पुरतात. क्लोरीनच्या जोडीस २४२ लागतात. उलट हायड्रोजन, कार्बन वा सिलिकॉन यांच्याशी त्या लहान अणूचा बंध अतिशय दृढ जमतो. म्हणून नॉन-स्टिक तव्यावरील टेफ्लॉन हे त्याच उग्र मूलद्रव्याचे संयुग असूनही बहुतेक सर्व रसायनांना दाद देत नाही.

फ्लुओरीन केवळ विजेनेच मुक्त होते, हा समज म्वासाँ यांच्यानंतर शंभर वर्षे टिकला. १९८६ मध्ये कार्ल क्रिस्टे यांनी पोटॅशियम हेक्झाफ्लुओरोमँगॅनेट आणि अँटिमनी पेंटाफ्लुओराइड एकत्र तापविले. दुसऱ्याने पहिल्यातील फ्लुओराइड स्वतःकडे ओढून घेतले, मागे राहिलेले मँगॅनीजचे संयुग अस्थिर असल्याने फुटले आणि फ्लुओरीन वायू बाहेर आला. ही दोन्ही द्रव्ये विसाव्या शतकाच्या आरंभापासून रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होती.