कुठला मारवा?

कानसेनांसाठी : लेखांक ९

दोन गाणंवेडी माणसं भेटली की पावसापाण्याच्या आधी विचारणा होते, "सध्या काय ऐकताय?" समोरचा म्हणतो, "अमीर खाँसाहेबांचा मारवा." नवखा माणूस यावर मान डोलावतो आणि विषय तिथेच संपतो. मुरलेला ऐकणारा मात्र लगेच विचारतो, "कुठला? एल.पी.वरचा?" आजचा लेखांक या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. मागच्या वेळी आपण मैफलीत समोर बसून ऐकण्याविषयी बोललो. मैफल उठल्यावर जे हातात उरतं, त्या ध्वनिमुद्रणांकडे आज वळू.

"कुठला?" यात खवचटपणा काही नाही. ख्याल कुणी आधी लिहून ठेवलेला नसतो. राग, ताल आणि बंदिशीच्या दोन-चार ओळी ठरलेल्या. बाकी सगळं त्या त्या वेळी, समोर कोण बसलंय आणि तबल्यावर कोण आहे हे पाहत घडतं. त्यामुळे एकाच गायकाचा एकच राग दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी भेटतो, आणि दोन रसिक एकाच मारव्याबद्दल तावातावाने भांडत असतात तेव्हा पुष्कळदा दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी ऐकलेल्या असतात.

खाँसाहेबांच्या त्या एच.एम.व्ही.च्या एल.पी.वर एका बाजूला मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तारही पंचमात लावता येत नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि राग उभा राहतो तो रिषभ-धैवतावर. षड्ज असतो, पण गायक तिथे टेकायला तयार नसतो. अमीर खाँ हा षड्ज इतका लांबवतात की ऐकणाऱ्यालाच तो लागावासा वाटू लागतो. अतिविलंबित लय, मोजके स्वर आणि घाईचा लवलेश नाही. एल.पी.च्या एका बाजूला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं मावत. हा माणूस मैफलीत तासभर बढत करणारा. तरी इथे काही कापल्यासारखं वाटत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या एल.पी.ंमध्ये इतकी बांधेसूद बाजू क्वचितच सापडेल.

एल.पी.च्या आधीचा काळ ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डचा. फ्रेड गेसबर्ग १९०२च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित करत होता, तेव्हा दहा इंची तबकडीवर सुमारे तीन मिनिटं मिळत. गाणं संपताच गौहरजान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. आज ते ऐकताना गंमत वाटते, पण त्यामागे सोय होती. मूळ मुद्रिका जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथे तबकड्या छापल्या जायच्या, आणि छापणाऱ्याला ही कोण गातेय हे कळायला दुसरा भरवशाचा मार्ग नव्हता. "कुठलं, कुणाचं?" या प्रश्नाचं उत्तर गायिकेनेच गाण्याच्या शेपटाला बांधून दिलं होतं.

तीन मिनिटांच्या ख्यालाला नाकं मुरडणारे बरेच आहेत. त्यांनी अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी पुन्हा एकदा शांतपणे ऐकावी. हीच रेकॉर्ड ऐकून लहानग्या भीमसेन जोशींनी घर सोडलं, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. गंमत अशी, की एवढ्याशा वेळातही खाँसाहेब कुठे धावत नाहीत. वेळ कमी आहे म्हणून ताना भराभर ओतून मोकळं व्हायचं, ही युक्ती त्या काळच्या पुष्कळ रेकॉर्डवर दिसते. इथे ती नाही.

केसरबाई केरकरांची भैरवीतली 'जात कहाँ हो' ही अशीच, साडेतीन मिनिटांची. गोव्यातल्या केरी गावची ही गायिका ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत कमालीची सावध होती. तिचीच ही रेकॉर्ड १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर बसून सूर्यमालेच्या बाहेर निघाली. त्या तबकडीच्या झाकणावर ती किती वेगाने फिरवायची हेही आकृतीने कोरलं आहे: एका फेरीला ३.६ सेकंद. परग्रहावरच्या श्रोत्यासाठी एवढी काळजी घेतली गेली. आमच्याकडे हातोहात फिरणाऱ्या कॅसेटवर मात्र वेगाबद्दल अवाक्षर नसतं.

हा वेग म्हणजे किरकोळ बाब नव्हे, म्हणून इथे जरा थांबतो. सुरुवातीच्या काळात सगळ्या तबकड्या काटेकोर ७८ फेऱ्यांना मुद्रित होत नसत. आणि ७८ची तबकडी साधारण ८२-८३ फेऱ्यांनी फिरवली, तर स्वर अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो, आवाज पातळ होतो आणि लयही वाढते. मग कुणीतरी "तरुणपणी काय आवाज होता!" म्हणून हळहळतो.

कॅसेटची तऱ्हा आणखी वेगळी. मैफलीत बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर ठेवलेला असेल आणि बॅटरी हळूहळू उतरत गेली असेल, तर मुद्रण होताना फीत मंदावत जाते. नंतर ती नेहमीच्या वेगाने वाजवली, की मैफल पुढे सरकते तसा षड्ज वर चढतो. पहिल्या ख्यालाची आणि शेवटच्या भैरवीची पट्टी पेटीवर लावून पाहिली की हे चटकन पकडता येतं. गायकाची नेहमीची पट्टी ठाऊक असेल तर आणखी सोपं. मधे पट्टी बदलून गाणारेही असतात, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नये. आधी तबल्याचा नाद ऐकावा. तो डबा वाजवल्यासारखा लागला, की संशय घ्यायला हरकत नाही.

या खासगी मुद्रणांचा साठा हीच मराठी रसिकांची खरी दौलत. पुणे, मुंबई, नागपूर, बेळगाव, इंदूर, देवास, गोवा: जिथे घरगुती बैठका झाल्या, तिथे कुणाच्या ना कुणाच्या कपाटात स्पूल आणि कॅसेटी निघतात. त्यांत बाजू बदलताना गेलेली तान असते, कपबशांचा आवाज असतो, पहिल्या रांगेतल्या कुणाचं अवेळी "क्या बात है" असतं. आणि डब्यावर पेन्सिलीने लिहिलेलं असतं, "बुवा, यमन, छान". कोण बुवा, कुठे, कधी, साथीला कोण, यातलं काहीच नाही. प्रतीवरून प्रत काढताना खरखर वाढते तशी चूकही वाढते. एकाने अंदाजाने लिहिलेलं नाव पुढच्याच्या डब्यावर ठाम होऊन बसतं. आता तर फायलीच्या नावात हे एका क्षणात जगभर पोचतं.

७८च्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी या बाबतीत चांगली शिस्त लावली. लेबलावरचा क्रमांक आणि लेबलालगतच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक उतरवून घेतला, की दोन तबकड्या एकच की वेगळ्या याचा वाद मिटतो. मुंबईत १९९०मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने आणि तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाने अशा नोंदींचं मोठं काम केलं. बैठकीच्या टेपांच्या नशिबी असे क्रमांक नाहीत. तिथे हजर असलेल्या माणसाची आठवण हाच क्रमांक. तो माणूस आहे तोवर विचारून घ्यायला हवं.

शिवाय टेप पुढे देण्याचेही काही संकेत आहेत. छापील रेकॉर्डचा हक्क आपल्या कायद्यात प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणून अब्दुल करीम खाँच्या तबकड्या आज कुणालाही वाटता येतात. घरगुती बैठकीत मात्र गायकाने विश्वासाने गायलेलं असतं, आणि ज्याने टेप दिली त्याने "तुमच्यापुरती ठेवा" म्हटलेलं असतं. तो शब्द पाळणारे कमी होत चालले आहेत, एवढं लिहून पुढे जातो.

आता अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले. दोघांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण आपल्यापाशी नाही. तरी भास्करबुवांच्या गाण्याची काही कल्पना आपल्याला आहे, ती गोविंदराव टेंब्यांसारख्या ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवलं म्हणून. 'माझा संगीत व्यासंग' वाचताना लक्षात येतं, की टेंबे नुसते "अप्रतिम!" म्हणून सुटत नाहीत, गाण्यात काय होतं ते सांगतात. आजच्या "काय ऐकताय?"च्या उत्तरात नेमकं हेच हरवलं आहे. सकाळी उठून दहा-दहा दुवे पाठवणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. त्यातलं एखादं तरी त्यांनी पूर्ण ऐकलंय का, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. त्यापेक्षा एकच मुद्रण पाठवावं आणि सोबत लिहावं, "अंतऱ्यानंतर बाई निषादावर थांबतात ते ऐका." असं सांगितलेलं माणूस ऐकतोच.

या आठवड्यासाठी एवढंच करा. तो मारवा एका बैठकीत ऐका आणि षड्ज पहिल्यांदा निवांतपणे कुठे लागतो ते मिनिट लिहून ठेवा. मग कुणाचाही पूरिया लावा. स्वर तेच, पण ओढा गंधार-निषादाकडे. शेवटी सोहनी, तीही त्याच स्वरांची, मात्र वरच्या सप्तकात खेळणारी. तिन्ही मुद्रणांच्या पुढे गायक, साथीदार, ठिकाण आणि साल लिहा. जे ठाऊक नाही तिथे जागा कोरी सोडा, अंदाज लिहू नका.

पुढच्या लेखांकात तबल्याचा ठेका, आणि तो ऐकू यावा म्हणून गायकावरून थोडा वेळ कान कसा काढायचा, हे पाहू.