कंपनीने सोडलं, कोडने सांभाळलं!

सीनियरकडून अर्ध्या किमतीत ड्रॉइंग टॅबलेट मिळाला, केबल जोडली, पेन टेकवलं... आणि कर्सर ढिम्म! कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर शोधावा, तर त्या मॉडेलचं शेवटचं अपडेट कैक वर्षांपूर्वीचं. फाइन आर्ट किंवा अ‍ॅनिमेशन करणाऱ्या अनेकांना हे ओळखीचं वाटेल. टॅबलेट ठणठणीत असतो, फक्त त्याचं म्हणणं कॉम्प्युटरला सांगणारा दुभाषा गायब असतो.

अशा वेळी कामी येतो ‘ओपनटॅबलेटड्रायव्हर’. हे सॉफ्टवेअर फुकट आहेच, शिवाय त्याचा कोडही सगळ्यांसाठी खुला आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर ते चालतं. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन, गाओमॉन अशा वेगवेगळ्या कंपन्यांचे बरेच टॅबलेट या एकाच ड्रायव्हरवर चालतात.

आत काय चालतं?

आपण रेघ ओढतो तेव्हा टॅबलेट कॉम्प्युटरला नुसते आकडे पाठवतो. पेन आडवं-उभं कुठे आहे, टोकावर दाब किती, कुठलं बटण दाबलंय. हे आकडे वाचायचे कसे, ते मॉडेलनुसार बदलतं. म्हणून या ड्रायव्हरमध्ये मॉडेलगणिक एक छोटी फाइल असते. टॅबलेटची मिलिमीटरमधली लांबी-रुंदी, आकड्यांची कमाल मर्यादा, दाबाच्या पातळ्या, बटणं किती, अशी माहिती तिच्यात असते. यादीत नसलेल्या मॉडेलची फाइल एखाद्याने तयार करून, तपासून प्रोजेक्टला दिली, की ते मॉडेल असलेल्या सगळ्यांचंच काम होतं. कंपनीने हात वर केले तरी टॅबलेट भंगारात जात नाही, तो यामुळे.

गेमर्सचाही लाडका

गंमत म्हणजे ‘ओसू’ हा रिदम गेम खेळणाऱ्यांतही हा ड्रायव्हर फेमस आहे. बीटवर गोल टिपायला त्यातल्या अनेकांना माउसपेक्षा पेन बरं वाटतं. त्यांना पूर्ण टॅबलेट लागत नाही, मनगट फिरेल तेवढा चौकोन पुरतो. तो इथे मिलिमीटरमध्ये ठरवता येतो.

लपवाछपवी नाही

कोड खुला असल्यामुळे ड्रायव्हर गुपचूप काय करतो, हे कुणीही तपासू शकतं. याचं महत्त्व फेब्रुवारी २०२० मध्ये दिसलं. वॅकॉमचा मॅकवरचा ड्रायव्हर उघडलेल्या अ‍ॅप्सची नावं गूगल अ‍ॅनालिटिक्सला पाठवतो, हे एका इंजिनिअरने तेव्हा दाखवून दिलं. ते बंद करायची सोय सेटिंग्जमध्ये होती. पण तिथे जाऊन बघतं कोण?

ट्राय करण्याआधी

* कंपनीचा ड्रायव्हर आधी पूर्ण काढून टाका. दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत.

* विंडोजवर पेनचा दाब आपोआप मिळत नाही. क्रिटासारख्या अ‍ॅपमध्ये रेघ जाड-बारीक हवी असेल, तर विंडोज इंकचं प्लगइन वेगळं टाकावं लागतं. नुसता गेम खेळणाऱ्यांना त्याची गरज नाही.

* सेकंडहँड टॅबलेट घेताय? पैसे देण्याआधी त्याच्या पाठीवरचा मॉडेल नंबर प्रोजेक्टच्या यादीत आहे का, ते बघाच.