मैदानाच्या कडेची बाटली

सातपुड्यात तोरणमाळच्या परिसरात मी अनेक वर्षे मुलांना खेळ शिकवले. एका वर्षी पाड्यापाड्यांच्या कबड्डीचा शेवटचा सामना रंगात आला होता. आमचा एक मुलगा चढाईला निघणार, इतक्यात त्याचे वडील झोकांड्या खात मैदानात शिरले. फक्कीने आखलेली मध्यरेषा पायाने पुसली गेली. त्यांनी पोराला मिठी मारली आणि त्यांचा तोल गेला. सारे मैदान हसले. पंच म्हणून उभा असलेला मीही हसलो. मुलगा मात्र मान खाली घालून उभा होता. पुढच्या वर्षी तो खेळायला आलाच नाही.

तेव्हापासून मला वाटते, मैदानावर दारूइतकाच आपल्या हसण्याचाही विचार करायला हवा.

पिणे आणि झिंगणे यांत फरक आहे. आमच्याकडे मोहाच्या दारूला देवकार्यात आणि लग्नकार्यात मान आहे. आधी देवाला, धरतीला थेंब द्यायचे, मग माणसांनी घ्यायची. म्हणजे तिला जागा आहे, वेळ आहे. मुलांच्या सामन्यात ना ती जागा, ना ती वेळ. म्हणून तिथे झिंगून येणारा माणूस परंपरा पाळत नसतो, मोडत असतो.

पण याची दुसरी बाजूही पाहू. ‘तिकडचे सगळे पिणारेच’ असे सपाटीवरची मंडळी सहज बोलून जातात. त्यांना ठाऊक नसते, की याच जिल्ह्यात तळोदा तालुक्यातील गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा भागातल्या आदिवासी स्त्रियांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. दारूला जाब विचारला तो इथल्याच माणसांनी.

सगळ्या गर्दीला दारुडे ठरवले की काय होते, याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. तिथे फुटबॉल आणि दारू यांचे नाते जुने. १९८० मध्ये ग्लासगो येथे अंतिम सामन्यानंतर दोन संघांचे पाठीराखे मैदानातच भिडले, तेव्हा स्कॉटलंडने फुटबॉलच्या मैदानांवर दारूबंदी आणली. १९८५ मध्ये इंग्लंडनेही असाच कायदा केला आणि मैदान दिसेल अशा जागी बसून पिण्याला मनाई केली. पुढे १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर भयंकर चेंगराचेंगरी झाली. तिने एकूण ९७ जणांचा बळी घेतला. पोलिसांनी दोष ठेवला तो प्रेक्षकांवर. लोक पिऊन आले होते म्हणे! मृतांच्या, अगदी लहान मुलांच्याही, रक्तातील मद्य तपासले गेले. प्रेक्षकांवरचा तो डाग पुसायला २७ वर्षे लागली. २०१६ मध्ये ज्युरीने निर्णय दिला, की प्रेक्षकांचा यात दोष नव्हता. पोलिसांनी गर्दी चुकीची हाताळली होती. दारूच्या नावाने आरोप केला, की तो पुसणे किती अवघड असते, ते असे.

आमच्या तोरणमाळचेच पाहा. थंड हवेसाठी पर्यटक येतात. त्यांतले काहीजण बाटल्या घेऊन मोकळ्या माळावर बसतात आणि रिकाम्या बाटल्या तिथेच फोडून जातात. त्याच माळावर दुसऱ्या दिवशी आमची मुले अनवाणी कबड्डी खेळतात. काच कोणाच्या पायात जाते आणि ‘पिणारे’ हे नाव कोणाला मिळते, याचा विचार व्हावा.

कायदा आहेच. महाराष्ट्रातील १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कलम ८५ नुसार, सार्वजनिक जागी दारू पिऊन बेशिस्त वागणे हा गुन्हा आहे. पण पाड्यावरच्या प्रत्येक सामन्याला पोलीस कुठून येणार? तिथे गावानेच रीत घालावी लागते.

आम्ही ती घातली. सामन्याआधी मुले आणि मोठी माणसे मिळून मैदानातल्या काचा वेचतात. झिंगलेला कोणी आलाच, तर गावातली दोन वडीलधारी माणसे त्याला हाताला धरून बाजूला नेतात, सावलीत बसवतात, पाणी देतात. त्याला मारायचे नाही, माइकवरून त्याची चेष्टा करायची नाही आणि कोणी हसायचेही नाही. तेवढा वेळ पंचाने खेळ थांबवायचा. शुद्धीवर आल्यावर त्याच्याशी बोलायचे, तेही चारचौघांत नव्हे, त्याच्या घरी जाऊन.

यामुळे दारू सुटली, असे मी म्हणणार नाही. पण आपल्या बापाला पाहून जग हसेल, या भीतीने आता कोणी मूल खेळ सोडत नाही. तुमच्या गावच्या मैदानावर पुढच्या वेळी कोणी झोकांडी खात आले, तर त्याच्याकडे पाहू नका. आधी खेळणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहा. मग हसावे की उठावे, ते आपोआप कळेल.