ब्लू-रे तबकडीचं कुलूप

मंडळी, शाळेसाठी किंवा गावच्या वाचनालयासाठी एखादा चांगला माहितीपट तबकडीवर विकत आणावा, मुलं सतरंजीवर येऊन बसावीत, तबकडी संगणकात सरकवावी, आणि चित्राऐवजी पडद्यावर सूचना उमटावी की प्रत-संरक्षणाच्या अडचणीमुळे ही तबकडी दाखवता येत नाही! पैसे रोख मोजलेले, तबकडी अस्सल, पावती खिशात. मग हा संगणक आपल्याला चोर का समजतो? पुष्कळ जण अशा वेळी तबकडी खराब निघाली असं समजून दुकानदाराशी भांडतात, नाहीतर संगणक दुरुस्तीला टाकतात. बहुतेक वेळा दोन्ही निर्दोष असतात. दोष असतो तो कुलूप-किल्लीच्या व्यवहारात. तो व्यवहार कसा चालतो आणि कुठे अडतो, ते आज पाहू.

ब्लू-रे तबकडी बाजारात आली २००६ साली. दिसायला ती डीव्हीडीसारखीच. पण तिच्या एका थरात २५ गिगाबाइट मजकूर मावतो, म्हणजे डीव्हीडीच्या पाचपटीहून थोडा अधिक. डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटर लहरीचा तांबडा किरण लागतो, तर हिला ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा. किरण बारीक म्हणून अक्षरही बारीक. चित्र इतकं स्वच्छ मिळू लागलं तेव्हा चित्रपट काढणाऱ्यांना धास्ती पडली की एका तबकडीच्या हजार नकला निघतील. म्हणून त्यांनी तबकडीवरचा मजकूर कुलूपबंद केला. या कुलपाच्या पद्धतीला एएसीएस म्हणतात.

आता बघा, पूर्वी गावात माल न्यायचा तर जकातीच्या नाक्यावर पावती दाखवावी लागे. तसाच हा प्रवास आहे. तबकडीतून निघालेलं चित्र पडद्यावर पोचेपर्यंत त्याला तीन नाके ओलांडावे लागतात. पहिला नाका तबकडी वाचणारा ड्राइव्ह, दुसरा चित्र उलगडून दाखवणारा प्रोग्रॅम, आणि तिसरा केबल व पडदा. तिघांपैकी एकाचीही पावती पटली नाही, की माल तिथेच अडतो. आपलं काम एवढंच, की कुठल्या नाक्यावर अडलं ते ओळखायचं.

पहिला नाका ड्राइव्हचा. संगणकाच्या ड्राइव्हवर ‘ब्लू-रे’ ही खूण आहे का, ते आधी पाहा. नुसता डीव्हीडीचा ड्राइव्ह असेल तर त्याच्याजवळ तो जांभळा किरणच नाही; तिथे कुलपाचा प्रश्नच येत नाही. खूण असेल तर तबकडी उजेडात धरून पाहा. बोटांचे ठसे, तेलकट डाग दिसले तर मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल घासू नका. ब्लू-रेचा मजकूर पृष्ठभागाखाली अवघा ०.१ मिलिमीटरवर असतो, म्हणून डाग तिला लवकर बाधतो.

दुसरा नाका प्रोग्रॅमचा, आणि सर्वांत जास्त खोळंबा इथेच होतो. विंडोज संगणकाबरोबर ब्लू-रे चित्रपट दाखवणारा प्रोग्रॅम येत नाही. पॉवरडीव्हीडीसारखा परवानाधारक प्रोग्रॅम वेगळा घ्यावा लागतो, कारण किल्ल्या परवानाधारकांनाच मिळतात. फुकटचे प्रोग्रॅम गुणी असले तरी त्यांच्याजवळ ही किल्ली नसते.

पण किल्ली एकदा मिळाली म्हणजे कायमची, असं मात्र नाही. एखाद्या प्रोग्रॅमची किल्ली चोरांच्या हाती लागली, तर पुढे निघणाऱ्या तबकड्या अशा घडवतात की ती किल्ली त्यांना लागू नये. शिवाय नव्या तबकडीवर रद्द झालेल्या परवान्यांची यादीही असते. ड्राइव्ह ती यादी वाचतो आणि स्वतःच्या स्मरणात जपून ठेवतो. याचा परिणाम काय होतो? नवी तबकडी एकदा आत घातली, की प्रोग्रॅमचा परवाना रद्द झालेला असल्यास कालपर्यंत चालणारी जुनी तबकडीसुद्धा आज अडते! मग घरातला माणूस म्हणतो, ‘काही हात लावला नव्हता, आपोआप बिघडलं.’ तो खोटं बोलत नसतो.

हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. २००७ च्या आरंभी विनडीव्हीडी या प्रोग्रॅमच्या किल्ल्या काही मंडळींनी शोधून काढल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या किल्ल्या रद्द झाल्याचं जाहीर झालं, आणि ज्यांनी रीतसर पैसे देऊन तो प्रोग्रॅम घेतला होता त्या सर्वांना तो नव्याने उतरवून घ्यावा लागला. चोरी केली दुसऱ्यांनी, हेलपाटा पडला गिऱ्हाइकाला.

म्हणून उपाय असा. प्रोग्रॅम उघडून त्यातलं ‘अपडेट’ चालवा. यासाठी इंटरनेट लागतं. शाळेत नसेल तर मोबाइल फोनवरून तेवढ्यापुरतं जोडून घ्या. अपडेट झालं की संगणक बंद करून पुन्हा सुरू करा आणि मग तबकडी घाला. ड्राइव्हबरोबर फुकट आलेला जुना प्रोग्रॅम असेल तर त्याला अपडेट मिळणं बंद झालेलं असू शकतं. तिथे नवी आवृत्ती विकत घेण्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरा नाका केबल आणि पडद्याचा. या नाक्यावरच्या कुलपाचं नाव एचडीसीपी. संगणक पडद्याला विचारतो, ‘तू ओळखीचा आहेस ना?’ पडद्याने बरोबर उत्तर दिलं तरच चित्र सोडतो. एचडीएमआय केबलमधून हा सवाल-जबाब होऊ शकतो. शाळांतून जुन्या प्रोजेक्टरला लावतात ती निळ्या टोकाची व्हीजीए केबल. तिच्यात हा सवाल-जबाब होतच नाही. म्हणून संगणकाच्या स्वतःच्या पडद्यावर चित्रपट दिसतो आणि प्रोजेक्टर जोडला की अडतो, अशी तक्रार आली तर निदान जवळजवळ पक्कं समजा.

इथे काय करावं? व्हीजीए केबल काढून टाका. प्रोजेक्टरला एचडीएमआयचं भोक असेल तर सरळ एकच केबल लावा; मध्ये एकाचे दोन फाटे करणारी डबी ठेवू नका. दोन पडद्यांवर एकच चित्र दाखवण्याची सोय चालू असेल तर ती बंद करून चित्र एकाच पडद्यावर ठेवा. पडद्याचं चित्रण करणारे किंवा दुरून संगणक हाताळू देणारे प्रोग्रॅमही बंद करा. मग सगळं बंद करून आधी प्रोजेक्टर आणि नंतर संगणक सुरू करा, म्हणजे ओळखपाळख नव्याने होईल. तरीही भागलं नाही तर चित्रफलकाचा, म्हणजे ग्राफिक्सचा, ड्रायव्हर अद्ययावत करून घ्या.

आणखी तीन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

एक, प्रदेशाची खूण. ब्लू-रेसाठी जगाचे अ, ब, क असे तीन भाग पाडले आहेत. तबकडीवर ते इंग्रजी अक्षरांत छापलेले असतात. अमेरिका व जपान पहिल्या भागात, युरोप दुसऱ्यात, आणि भारत, चीन, रशिया तिसऱ्यात. अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने पाठवलेली तबकडी इथे चालली नाही तर खोक्यामागची ही खूण वाचा. प्रोग्रॅममध्ये प्रदेश बदलता येतो, पण ठराविक वेळाच. म्हणून उगाच बदलत बसू नका. पुष्कळ तबकड्यांना हे बंधन नसतंही.

दोन, आवाज. चित्र नीट चालू असताना मध्येच आवाज बंद पडला आणि पडद्यावर ‘सिनाव्हिया’ हे नाव आलं, तर समजा की चालू असलेली तबकडी नक्कल आहे. ध्वनीतच कानाला न कळणारी खूण विणलेली असते, आणि परवानाधारक यंत्रं ती ओळखतात. ही दुरुस्त करण्याची गोष्ट नव्हे; अस्सल तबकडी घ्यावी.

तीन, ‘अल्ट्रा एचडी’ ब्लू-रे. ही २०१६ मध्ये आली आणि तिचं कुलूप अधिक कडक. संगणकावर ती चालवायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सोय लागते. ती सोय इंटेलने अकराव्या पिढीपासून घरगुती संगणकांतून काढून टाकली. म्हणजे गंमत पाहा, जुन्या सातव्या ते दहाव्या पिढीच्या संगणकावर जी तबकडी चालू शकते, ती कोऱ्या करकरीत संगणकावर चालत नाही. तेव्हा ‘नवा संगणक घ्या म्हणजे चालेल’ असं कोणी सांगितलं तर लगेच पैसे काढू नका.

सगळं ध्यानात ठेवणं जड वाटत असेल तर एवढंच लक्षात असू द्या. डीव्हीडी चालते पण एकही ब्लू-रे चालत नाही: ड्राइव्ह किंवा प्रोग्रॅम पाहा. जुनी चालते, नवी चालत नाही: प्रोग्रॅम अद्ययावत करा. लहान पडद्यावर चालते, प्रोजेक्टरवर नाही: केबल पाहा. फक्त परदेशातून आलेली अडते: प्रदेशाची खूण पाहा.

कोणी म्हणेल, कुलूप तोडणारे प्रोग्रॅम मिळतात, तेच का वापरू नयेत? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम घातलं गेलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. शिक्षकांनी या वाटेला जाऊ नये हे बरं. दुसरीकडे, त्याच कायद्याचं ५२ वं कलम शाळेच्या बाजूचं आहे. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळींपुरता चित्रपट दाखवला तर तो हक्कभंग ठरत नाही. साऱ्या गावाला बोलावून दाखवायचा असेल, तर मात्र आधी परवानगी घ्या.

चोराला अडवण्यासाठी घातलेलं कुलूप घरधन्यालाच बाहेर उभं करतं, ही तक्रार रास्त आहे. पट्टीचे नक्कल करणारे वाट काढतातच; अडतो तो पावती घेऊन आलेला साधा माणूस. पण आज आपल्या हाती काय आहे ते पाहायचं, तर संगणकाचा नाद सोडून ब्लू-रेचं स्वतंत्र यंत्र एचडीएमआय केबलने दूरचित्रवाणी संचाला जोडणं, हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग आहे. त्यात ड्राइव्ह आणि प्रोग्रॅम हे दोन्ही नाके एकाच डब्यात येतात. मात्र त्यालाही अधूनमधून अपडेट लागतं आणि व्हीजीएचा जुना प्रोजेक्टर त्यालाही चालत नाही. तबकडी घेताना ती साधी ब्लू-रे की अल्ट्रा एचडी, आणि तिच्यावर प्रदेशाची कोणती खूण, हे दोन प्रश्न दुकानातच विचारा. आणि कार्यक्रम ठरला असेल तर तीच तबकडी, त्याच केबलने, त्याच पडद्यावर आदल्या दिवशी दहा मिनिटं चालवून पाहा. अडलंच, तर दुरुस्तीला एक दिवस हाताशी राहील.