गाडीतील फेरबदल आणि धुराचा कायदा : गॅरेजवाल्या बांधवांसाठी चार गोष्टी

आम्ही कापडाचे व्यापारी. भिवंडीहून तागे आणि गठाणी मुंबईच्या बाजारात पोहोचविण्यासाठी आमच्याकडे डिझेलचा एक पिकअप टेम्पो आहे. गाड्यांच्या धंद्याशी आमचा संबंध एवढाच. गेल्या वर्षी या टेम्पोचा इंजिनाचा दिवा लागला आणि गाडीचा जोर गेला. ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, "चाचा, सायलेन्सरमधली जाळी काढून टाकतो, कॉम्प्युटरमधून दिवाही बंद करतो. पुन्हा कटकट नाही." शोरूमच्या खर्चापेक्षा हे फार स्वस्त होते. आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो. पण एका वकील मित्राचा मशवरा घेतला आणि आमचे डोळे उघडले.

१ एप्रिल २०२० पासून देशात फक्त भारत स्टेज ६ च्या नव्या गाड्या विकल्या जातात. अशा डिझेल गाडीत धुरातील काजळी अडविणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. पेट्रोल गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. हे भाग काढणे, धुराचा काही भाग इंजिनात परत नेणारा ईजीआर बंद करणे, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसविणे, असली कामे अनेक गॅरेजमध्ये सर्रास होतात. करणाऱ्याला तो आपला हुनर वाटतो. कायद्याच्या नजरेत तो गुन्हा आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आर.सी. बुकातील नोंद जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षा कडक झाली. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. धूर आणि आवाजाची मर्यादा मोडून गाडी चालविली तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

गॅरेजवाल्यांनी पुढची गोष्ट नीट वाचावी. या कायद्यात "डीलर" म्हणजे केवळ शोरूमवाला नव्हे. गाडी दुरुस्त करणारा आणि बॉडी बांधणाराही त्या व्याख्येत येतो. नियम मोडून गाडीत बदल करणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद, किंवा प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितले आहेत. "मालकाने सांगितले म्हणून केले" या उत्तराने सुटका होईल, या भ्रमात राहू नये. पीयूसी मिळाले म्हणजे काढलेली जाळी कायदेशीर झाली, असेही नाही. शिवाय कंपनीची वॉरंटी जाते आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला दावा नाकारायला निमित्त मिळते.

मग बदल करायचाच नाही का? तसे नाही. धूर कमी करणाऱ्या बदलाला कायद्याने रस्ता ठेवला आहे. मंजूर सीएनजी किंवा एलपीजी किट अधिकृत केंद्रातून बसवून आरटीओत नोंद करून घेता येते. ऑगस्ट २०२२ मध्ये भारत स्टेज ६ च्या पेट्रोल गाड्यांनाही ही परवानगी मिळाली. साडेतीन टनांखालील गाडीचे डिझेल इंजिन काढून सीएनजी इंजिन बसविण्याचीही सोय झाली. मुंबईच्या जुन्या टॅक्सी हायकोर्टाच्या आदेशांनंतर सीएनजीवर गेल्या, तेव्हा ज्या कारागिरांनी किटचे काम शिकून घेतले त्यांना काम मिळाले. कायद्याने एक दार बंद केले, तसे दुसरे उघडलेही.

आमच्या टेम्पोचे काय झाले? दुसऱ्या गॅरेजमधील एका तरुणाने स्कॅनर लावून पाहिले. आमची गाडी रोज ट्रॅफिकमध्ये रखडते, त्यामुळे धूर पुरेसा तापत नाही आणि जाळीतील काजळी जळत नाही, एवढाच दोष निघाला. त्याने मशीनच्या साहाय्याने इंजिन तापवून ती काजळी जाळून टाकली आणि अधूनमधून गाडी हायवेवर सलग पळवा, असे सांगितले. पैसे वाजवी घेतले, पक्के बिल दिले. आता आमचा टेम्पो त्याच्याकडेच जातो.

हाच धडा आहे. आमच्या बिरादरीतील पुष्कळ मुले दहावीच्या आत गॅरेजमध्ये जातात आणि उस्तादाच्या हाताखाली पाना धरायला शिकतात. त्या हातांत आता स्कॅनरही यायला हवा. उस्तादांनी मुलांना आयटीआयकडे पाठवावे, दोघा-तिघांनी मिळून मशीन घ्यावे. मालकांनीही चार पैसे वाचविण्यासाठी कारागिराला गुन्ह्यात ओढू नये.

रस्त्यावरचा दगड बाजूला करणे आपण नेकी समजतो. मग त्याच रस्त्यावर, मदरशाच्या आणि शाळेच्या दारात, काळा धूर सोडणाऱ्या कामाच्या कमाईत बरकत कशी येईल? हुनर तोच ठेवा, काम हलाल करा. रोजी देणारा अल्लाह आहे.