‘ऑटो’ मोडची मदार क्लच प्लेटांवर

वळणावर गाडीची पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा थारसारख्या साध्या फोर-बाय-फोरमध्ये लिव्हर ‘फोर-एच’ला टाकला की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. चिखलात चाके थोडी घसरून अंतराचा फरक जिरवतात. कोरड्या डांबरावर तो जिरत नाही. शाफ्टना पीळ बसतो आणि गाडी वळायला कुरकुरते. लिव्हर केव्हा टाकायचा हे चालकाने ठरवायचे. ‘ऑटो’ मोडने तो निर्णय कॉम्प्युटरकडे दिला.

१९९५च्या फोर्ड एक्सप्लोररमधील ‘कंट्रोल ट्रॅक’ हे याचे चांगले उदाहरण. मागच्या चाकांना ताकद कायम मिळते. पुढच्या चाकांकडे ती ट्रान्सफर केसमधल्या (पुढच्या-मागच्या शाफ्टना ताकद वाटणारी पेटी), तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांमधून जाते. मागचा शाफ्ट पुढच्यापेक्षा वेगाने फिरू लागला, म्हणजे मागची चाके घसरली, की कॉम्प्युटर कॉइलमध्ये वीज सोडतो. चुंबकाच्या ओढीने समोरासमोरच्या दोन चकत्यांपैकी एक किंचित मागे राहते. चकत्यांमधल्या चढत्या खोबणीत पोलादी गोळ्या असतात. त्या चढावर सरकतात, चकत्या एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात आणि त्या रेट्याने प्लेटा आवळतात. जरा विजेत एवढा दाब मिळतो, ही सगळी करामत त्या खोबणीची.

२००४मध्ये लँड रोव्हरने डिस्कव्हरी ३मध्ये ‘टेरेन रिस्पॉन्स’ आणला. त्यात चारही चाकांना कायम ताकद मिळते. चालक गोल खटक्याने वाळू, चिखल किंवा खडक निवडतो आणि त्यानुसार अ‍ॅक्सिलरेटर, गिअर, ट्रॅक्शन कंट्रोल आणि डिफरन्शियल लॉक एकत्र बदलतात. बर्फावर अ‍ॅक्सिलरेटर मऊ होतो, वाळूत तिखट.

घसरण पाहून जागा होणारा ऑटो मोड मात्र मुळातच उशिरा येतो. मऊ वाळूत तेवढ्या वेळात चाक खड्डा खणून बसते. पुढे प्लेटा सतत घासत राहिल्या तर तेल तापते आणि प्लेटा जळू नयेत म्हणून बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर क्लच सैल सोडतो. नेमक्या अडचणीच्या क्षणी गाडी दोन चाकांवर येते! म्हणूनच अस्सल ऑफ-रोड गाड्यांत ऑटोच्या शेजारी जखडणारा फोर-एच आणि कमी गिअरचा फोर-एल टिकून आहेत.

टायरचाही प्रश्न असतो. मागे झिजलेले आणि पुढे नवे टायर असतील तर मागची चाके सरळ रस्त्यावरही जास्त फेरे घेतात. कॉम्प्युटरला ती घसरण वाटू शकते आणि हायवेवर क्लच विनाकारण झिजतो. चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे ठेवावेत आणि वाळूत उतरण्याआधीच ऑटो सोडून फोर-एच टाकावा.